रक्तातलं भासद्रव्य

१९५० च्या दशकात बुडापेस्टमधल्या स्टीफन सारा यांना एलएसडी हवं होतं. सारा डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रही शिकलेले होते. मिलिग्रॅमच्याही छोट्याशा अंशानं माणसाचं सगळं मन ढवळून निघतं, ते नेमकं कसं, हे त्यांना शोधायचं होतं. पण एलएसडी बनवणारी सँडोझ कंपनी स्वित्झर्लंडची आणि हंगेरी सोव्हिएत गोटातली. असलं द्रव्य पोलादी पडद्यापलीकडे पाठवायला कंपनी तयार झाली नाही. सारा यांनी मग दुसरी वाट धरली. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी धार्मिक विधींच्या वेळी ज्या बियांची तपकीर नाकातून ओढत, त्या बियांचं विश्लेषण १९५५ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं होतं. त्यात डायमिथाइलट्रिप्टामीन, थोडक्यात डीएमटी, हे द्रव्य सापडलं होतं. ते तयार करणं फार अवघड नव्हतं. सारा यांनी ते स्वतःच्याच प्रयोगशाळेत बनवलं.

तसा हा रेणू नवा नव्हता. कॅनडाचे रिचर्ड मॅन्स्के यांनी १९३१ सालीच तो बनवला होता, पण त्याचा मनावर काही परिणाम होतो याची कुणाला कल्पना नव्हती. सारा यांनी आधी तो तोंडावाटे घेऊन पाहिला. मात्रा वाढवत नेली तरी काहीच झालं नाही. १९५६ साली त्यांनी त्याचं स्नायूत इंजेक्शन घेतलं. सुमारे ७५ मिलिग्रॅमच्या मात्रेला तीन-चार मिनिटांत डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, अंगाला मुंग्या आल्या आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंगीत, सतत बदलणाऱ्या आकृत्यांचा पूर लोटला. तासाभरात सगळं ओसरलं. त्यानंतर त्यांनी सहकारी डॉक्टरांवर हा प्रयोग केला आणि त्याच वर्षी निष्कर्ष छापून आणले. त्याच वर्षी हंगेरीत झालेल्या उठावानंतर सारा यांनी देश सोडला आणि पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झाले.

तोंडावाटे घेतलेलं डीएमटी वाया का गेलं, याचं उत्तर आपल्या आतड्यात आणि यकृतात आहे. तिथे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. डीएमटी रक्तात पोचायच्या आतच ते त्याची मोडतोड करतं. थेट रक्तात सोडलेलं डीएमटीसुद्धा काही मिनिटांत निम्म्यावर येतं. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनी यावर तोड काढली होती. त्यांच्या आयावास्का या पेयात डीएमटी असलेल्या पानांबरोबर एक वेल उकळतात आणि त्या वेलीतली द्रव्यं नेमकं हेच विकर थोपवून धरतात. रसायनशास्त्राचं पुस्तक हाती नसताना त्यांनी ही जोडी शोधून काढली, ही मला मानवी निरीक्षणशक्तीची फार मोठी कमाई वाटते.

डीएमटी असलेल्या वनस्पती आपल्याकडेही आहेत. दशमुळातली सालवण आणि रानात अंगाला लागली की आग होणारी खाजकुहिली, या दोन्हींत हा रेणू असल्याचं बनारस हिंदू विद्यापीठातल्या शिबनाथ घोषाल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीला दाखवून दिलं. दशमुळाचा काढा घेऊन बाळंतिणीला भास होत नाहीत, कारण त्यातलं प्रमाण किरकोळ असतं आणि आतड्यातलं विकर आपलं काम चोख करत असतं. तरी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. माणसाच्या लघवीत डीएमटी सापडलं, तेव्हा ते अन्नातून आलं असेल का, हा प्रश्न विचारावा लागतो तो अशा वनस्पतींमुळेच.

पण माणसाच्या लघवीत ते शोधायला कुणी गेलंच का? त्यासाठी त्या काळच्या मनोरुग्णालयांत जावं लागेल.

१९५० च्या आसपास स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या वाट्याला काय येत असे, ते वाचताना जीव कासावीस होतो. विशी-पंचविशीतली मुलं आवाज ऐकू येतात म्हणून दाखल व्हायची आणि अनेकदा तिथेच म्हातारी व्हायची. अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. मुलाच्या या आजाराला आईची वागणूक जबाबदार आहे, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. मुलगा हातचा गेलेला आणि त्याचा दोषही कपाळी आलेला, अशा आयांची एक पिढीच्या पिढी होती. १९५२ साली हम्फ्री ऑस्मंड आणि जॉन स्मायदिज या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी एक वेगळीच शंका मांडली. पेयोटी या निवडुंगातलं मेस्कलीन माणसाला भास घडवतं. त्याची रचना शरीरातल्या अॅड्रिनलीनच्या रचनेशी जुळते. मग शरीरानंच रसायनं घडवताना एखादी चूक केली, चुकीच्या रेणूला मिथाइलचा गट जोडला, आणि आतल्या आत मेस्कलीनसारखं काही तयार झालं तर? आजार आईच्या वागण्यात नसून रक्तातल्या एका रेणूत असेल तर?

ही कल्पना पुढे टिकली नाही. तरीही तिचं मोल मोठं मानायला हवं, कारण तिनं आजाराचा दोष आईवरून काढून रसायनांकडे नेला. आता तो दोषी रेणू पकडायचा होता. मेस्कलीन शरीरात सापडेना. डीएमटी मात्र या वर्णनात चपखल बसत होतं.

कसं, ते पाहू. दूध, डाळी, अंडी यांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. शरीर त्यापासून सेरोटोनिन बनवतं, मेलॅटोनिन बनवतं. याच ट्रिप्टोफॅनमधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की ट्रिप्टामीन उरतं. ट्रिप्टामीनच्या नायट्रोजनला दोन मिथाइल गट जोडले की झालं डीएमटी. कच्चा माल रोजच्या जेवणातला आणि पायऱ्या दोनच. पहिली पायरी शरीर रोज करतंच. प्रश्न दुसरीचा होता. मिथाइल गट जोडणारं विकर माणसात आहे का?

इथे ज्यूलियस अॅक्सेलरॉड येतात. हे अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ सारा यांच्याच संस्थेत काम करत. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली फुटून त्यांचा एक डोळा गेला होता आणि डॉक्टरेट त्यांनी चाळिशी उलटल्यावर मिळवली. १९७० साली चेतापेशींच्या संदेशवाहकांवरच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्याआधी, १९६१ साली, सशाच्या फुप्फुसात एक विकर असल्याचं त्यांनी जाहीर केलं. ट्रिप्टामीन समोर ठेवलं की हे विकर त्यापासून डीएमटी बनवायचं. आज त्याला आयएनएमटी या आद्याक्षरांनी ओळखतात.

फुप्फुस! भास घडवणारा रेणू शोधायला निघालेल्या माणसाला ते मेंदूत सापडावं अशी अपेक्षा असणार. सापडलं ते श्वासाच्या इंद्रियात. या तपशिलाकडे पुढची अनेक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. प्रकरणाच्या शेवटाकडे आपल्याला तिकडे परत यावं लागणार आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मेथिओनिन हे अमिनो आम्ल आणि त्याच्या जोडीला मोनोअमाइन ऑक्सिडेज थोपवणारं औषध दिलं. मेथिओनिन शरीराला मिथाइल गट पुरवतं. काही रुग्णांची अवस्था बिघडली. म्हणजे मिथाइल वाढवा, मोडतोड रोखा आणि आजार उफाळतो. सगळे धागे जुळत आल्यासारखे दिसत होते. १९६५ साली फ्रान्झेन आणि ग्रॉस या जर्मन संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं की निरोगी माणसांच्या रक्तात आणि लघवीत डीएमटी आहे. १९७२ मध्ये हुआन साव्हेद्रा आणि अॅक्सेलरॉड यांनी उंदरांच्या मेंदूतही ते तयार होऊ शकतं, असं दाखवलं.

इथून पुढे वाट बिकट झाली. फ्रान्झेन आणि ग्रॉस यांनी वापरलेल्या तंत्रानं एकसारखे दिसणारे रेणू वेगळे करणं कठीण होतं. नंतर वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, आला आणि खात्री वाढली. पण आकडे एकमेकांशी जुळेनात. कुणाला रुग्णांत डीएमटी जास्त सापडलं, कुणाला निरोगी माणसांत. कुणाला काहीच नाही. सापडलं तर मिलिलिटरमागे ग्रॅमच्या अब्जांश भागांत. त्यातही आज असलेल्या माणसात उद्या नसायचं. इतक्या अल्प प्रमाणात असलेला आणि मिनिटांत विरघळून जाणारा रेणू सकाळी एकदा घेतलेल्या रक्ताच्या बाटलीत पकडायचा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती, असं आज मागे वळून पाहताना म्हणता येतं. त्या संशोधकांच्या हाती तेवढंच साधन होतं.

१९७६ साली जे. ख्रिश्चन गिलिन आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा तपासला. डीएमटीमुळे स्किझोफ्रेनिया होतो, असं म्हणायला आधार पुरेसा नाही, असा त्यांचा कल होता. एक अडचण रुग्णांच्या अनुभवातच होती. डीएमटीनं डोळ्यांपुढे चित्रं येतात. स्किझोफ्रेनियात मुख्यतः कानांना आवाज येतात. तोवर रुग्णालयांत येणारी औषधं डोपामीनवर काम करत होती आणि संशोधनाचा ओघ तिकडे वळला होता. शिवाय कायदा आडवा आला. १९७० मध्ये अमेरिकेनं आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारानं डीएमटीला अत्यंत कडक बंदीच्या यादीत टाकलं. भारतातही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. बंदी योग्यच की कसं, यावर मतं असू शकतात. पण एका चुकीच्या तर्काबरोबर सगळा प्रश्नच गुंडाळला गेला, याची हळहळ मला वाटते. डीएमटीमुळे स्किझोफ्रेनिया होत नाही, एवढंच सिद्ध होत आलं होतं. मग ते शरीरात कशासाठी आहे, हे विचारायला माणसंच उरली नाहीत.

ती शांतता मोडली न्यू मेक्सिकोतल्या रिक स्ट्रासमन यांनी. हे मानसोपचारतज्ज्ञ आधी मेलॅटोनिनवर काम करत होते. सरकारी परवानग्यांची दोन वर्षांची पायपीट करून त्यांनी १९९० ते १९९५ या काळात अॅल्बुकर्कीच्या विद्यापीठ रुग्णालयात सुमारे ६० स्वयंसेवकांना डीएमटीच्या सुमारे ४०० मात्रा शिरेवाटे दिल्या. रक्तदाब, तापमान, संप्रेरकं, बाहुल्यांचा आकार, सगळं नोंदवलं. परिणाम दोन मिनिटांत टोकाला जायचा आणि अर्ध्या तासात ओसरायचा. अनेकांनी दुसऱ्याच जगात गेल्याचं, तिथे कुणी भेटल्याचं सांगितलं. हे काम काटेकोर होतं. एका पिढीनंतर या द्रव्यावरचं वैद्यकीय संशोधन पुन्हा उभं राहिलं, त्याचं श्रेय त्यांचंच.

पुढे २००१ मध्ये त्यांनी या प्रयोगांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एक अटकळ बांधली: मेंदूच्या मधोमध असलेली पिनियल ग्रंथी जन्माच्या, मृत्यूच्या आणि गाढ ध्यानाच्या क्षणी डीएमटी सोडत असावी. त्यांच्या सांगण्यानुसार गर्भात पिनियल दिसू लागते ती ४९ व्या दिवशी आणि तिबेटी बौद्ध परंपरेत मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधला काळ ४९ दिवसांचा मानतात, या योगायोगानं ते स्वतः भारावून गेले होते. ही अटकळ आहे, असं त्यांनी पुस्तकातच स्पष्ट म्हटलं. वाचकांनी मात्र अटकळ बाजूला ठेवली आणि निष्कर्ष घेऊन ते जगभर गेले. पिनियल म्हणजेच आज्ञाचक्र, डीएमटी म्हणजेच तिसरा डोळा उघडणारं रसायन, असं आपल्याकडची शिबिरं आणि व्हिडिओ आज छातीठोकपणे सांगतात. पिनियल ‘शुद्ध’ करण्याची चूर्णं विकली जातात. ध्यानाची आपली परंपरा हजारो वर्षं या रेणूच्या ओळखीशिवाय उभी आहे. तिला असल्या उसन्या दाखल्याची गरज नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते विज्ञानाच्या नावानं विकणं हा साधकाचाही अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकी औषधशास्त्रज्ञ डेव्हिड निकल्स यांनी २०१८ साली या दाव्याचं साधं गणित मांडलं. पिनियल ग्रंथीचं वजन ०.२ ग्रॅमहूनही कमी. तिचं नेहमीचं काम मेलॅटोनिन बनवणं, आणि तेही ती दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बनवते. डीएमटीचा पुरता परिणाम जाणवायला सुमारे २५ मिलिग्रॅम, म्हणजे २५,००० मायक्रोग्रॅम, काही मिनिटांत रक्तात यावं लागतं. दिवसभराच्या मेलॅटोनिनच्या ८०० पटींहून अधिक माल या इवल्याशा ग्रंथीनं मिनिटांत बनवायचा आणि तोही विकरांनी त्याचा फडशा पाडायच्या आत मेंदूभर पोचवायचा. हे शक्य दिसत नाही.

गंमत अशी की पिनियलमध्ये डीएमटी असतं. २०१३ साली लुइझियानातले स्टीव्हन बार्कर, मिशिगन विद्यापीठातल्या जिमो बोरजिगिन आणि खुद्द स्ट्रासमन यांनी जिवंत उंदरांच्या पिनियलमधून केसासारख्या बारीक नळीनं द्रव काढला आणि त्यात ते मोजलं. बोरजिगिन तिथे थांबल्या नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात डीएमटी उंदरांच्या दृष्टीशी संबंधित मेंदूच्या भागातही सापडलं, आणि त्याची पातळी सेरोटोनिनच्या तोडीची होती. काही उंदरांची पिनियल शस्त्रक्रियेनं काढून टाकली होती. त्यांच्याही मेंदूत ते होतं. म्हणजे ते पिनियलमधून तिथे येत नव्हतं. डीएमटी बनवायला लागणाऱ्या दोन्ही विकरांच्या जनुकांच्या खुणा माणसाच्या मेंदूच्या नमुन्यांतही आढळल्या.

याच प्रयोगांत उंदरांचं हृदय थांबवल्यावर मेंदूतलं डीएमटी वाढलेलं दिसलं. मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसांच्या कहाण्यांशी याची सांगड घालायचा मोह कुणालाही होईल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १३ स्वयंसेवकांना डीएमटी देऊन, मृत्युसमीप अनुभव मोजायची प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेतली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही अनुभव बरेच जुळत होते. पण जुळणं वेगळं आणि एकामुळे दुसरं घडणं वेगळं. बोरजिगिन यांच्याच २०१५ च्या कामात, गुदमरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत डझनभराहून अधिक संदेशवाहकं एकाच वेळी उसळलेली दिसली होती. एवढ्या कल्लोळात त्या अनुभवाचं श्रेय एकट्या डीएमटीला कसं द्यायचं? मरणाऱ्या माणसाच्या मेंदूत त्या क्षणी ते मोजलेलं नाही आणि मोजणं सोपंही नाही. ज्यांचं माणूस नुकतंच गेलं आहे त्यांना, अखेरच्या क्षणी त्याच्या मेंदूत सुखाचं रसायन स्रवलं असेल, असं कुणी सांगताना मी ऐकतो. त्यामागची माया मला समजते. विज्ञान मात्र अजून तिथवर पोचलेलं नाही.

पीठगिरणीच्या भिंतींवर पिठाचा थर असतो. तो कुणी दळायला सांगितलेला नसतो, दळताना उडतो. शरीरातलं डीएमटीही तसंच, इतर रासायनिक कामांतून उडालेलं, बिनकामाचं असू शकतं. ते नुसतं आहे म्हणून त्याला काम आहे असं होत नाही. काम आहे म्हणायचं तर ते कुठे बनतं, कुठे साठतं, कोणत्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतं आणि ते काढून घेतलं तर काय बिघडतं, हे सगळं दाखवावं लागेल. या चार प्रश्नांपैकी तिसऱ्याची उत्तरं सर्वांत चांगली मिळाली आहेत.

बाहेरून दिलेलं डीएमटी भास घडवतं ते मुख्यतः सेरोटोनिनच्या २ए या ग्राहीमार्फत. २००९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्नल्ड रूओहो यांच्या गटानं दुसरी जागा दाखवली: सिग्मा-१ ग्राही. ही पेशीच्या आत असते आणि पेशी संकटात सापडली, प्राणवायू कमी पडला, प्रथिनांच्या घड्या विस्कटल्या, की धावून येते. शरीरातलं कोणतं द्रव्य तिला जागं करतं, हे तोवर गूढ होतं. डीएमटी ते काम करू शकतं. आक्षेप एकच, पण वजनदार: त्यासाठी लागणारं प्रमाण रक्तात मोजलेल्या प्रमाणाच्या कित्येक पट आहे.

आता फुप्फुसाकडे वळायची वेळ झाली. आयएनएमटीचं मानवी जनुक १९९९ साली वेगळं केलं, तेव्हा ते फुप्फुस, थायरॉइड, अधिवृक्क अशा अवयवांत भरपूर क्रियाशील असल्याचं दिसलं. हंगेरीतल्या एदे फ्रेच्का यांनी हा धागा उचलला. त्यांचा विचार असा: प्राणवायू घटला की फुप्फुसाला ते आधी कळतं. तिथे डीएमटी बनून रक्तावाटे मेंदूत गेलं आणि सिग्मा-१ मार्फत चेतापेशींना तगून राहायला मदत करत असेल तर? भास हा मग या रेणूचा मुख्य धर्म राहणारच नाही, तो फार मोठी मात्रा एकदम दिल्यावर होणारा आडपरिणाम ठरेल. या तर्काची परीक्षाही झाली. २०१६ साली अॅटिला साबो, फ्रेच्का आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींपासून वाढवलेल्या मानवी चेतापेशींचा प्राणवायू तोडला. डीएमटी दिलेल्या पेशी जास्त प्रमाणात जगल्या. सिग्मा-१ ग्राही बंद पाडली की हा फायदा नाहीसा झाला. २०२० मध्ये हंगेरीतल्याच एका गटानं उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिनी तासभर अडवून पक्षाघातासारखी स्थिती निर्माण केली. डीएमटी दिलेल्या उंदरांत मेंदूचा मृत भाग लहान राहिला.

हे सगळं बाहेरून दिलेल्या डीएमटीचं आहे, याची आठवण ठेवायला हवी. तरीही पक्षाघातानंतरचे पहिले तास किती मोलाचे असतात आणि त्या वेळी चेतापेशी वाचवायला डॉक्टरांच्या हाती किती थोडं असतं, हे ज्यानं आपल्या घरात पाहिलं आहे त्याला या उंदरांच्या प्रयोगांचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. मला स्वतःला या रेणूच्या गोष्टीतला हा भाग तिसऱ्या डोळ्याच्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक थरारक वाटतो.

२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे डेव्हिड ओल्सन यांच्या प्रयोगशाळेनं आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सेरोटोनिनच्या २ए ग्राही चेतापेशीच्या पृष्ठभागावर असतात, तशा आतही असतात. सेरोटोनिन पेशीचं आवरण ओलांडू शकत नाही. डीएमटी सहज ओलांडतं. चेतापेशींना नव्या फांद्या फुटतात त्या आतल्या ग्राही जाग्या झाल्यावर. मग ज्या ग्राहींपर्यंत सेरोटोनिन पोचूच शकत नाही, त्या तिथे कुणाची वाट पाहत बसल्या आहेत? त्यांच्यासाठीचं शरीरातलं खरं द्रव्य डीएमटीच असेल का, असा प्रश्न त्या शोधनिबंधानंच उपस्थित केला.

आणि नेमकं याच वर्षी पायाखालची एक वीट हलली. बोरजिगिन आणि त्यांच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी जनुक कापण्याच्या तंत्रानं असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात आयएनएमटी हे विकर नाहीच. १९६१ पासून प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं होतं की डीएमटी बनतं ते या विकरामुळे. मग या उंदरांच्या मेंदूच्या आणि फुप्फुसाच्या ऊतींना ट्रिप्टामीन दिल्यावर साध्या उंदरांपेक्षा काही वेगळं दिसायला हवं होतं. पण ट्रिप्टामीनवरची प्रक्रिया साध्या उंदरांइतकीच झाली, आणि दोन्हींत जे तयार झालं ते डीएमटी नव्हतंच. पुढे तपासल्यावर दिसलं की उंदरांचं आयएनएमटी ट्रिप्टामीनला मिथाइल गट जोडतच नाही. सशाचं जोडतं, माणसाचं जोडतं, उंदराचं नाही. उंदरांत डीएमटी बनवायचं काम दुसरंच कुठलंतरी विकर करत असावं.

याचा अर्थ गेल्या कित्येक वर्षांत उंदरांच्या मेंदूत आयएनएमटीच्या खुणा शोधून काढलेले निष्कर्ष नव्यानं तपासावे लागतील. ते अनोळखी विकर माणसातही आहे का, की माणसात आयएनएमटीच पुरेसं आहे, हे पाहावं लागेल. ते सापडलं तर ‘काढून घेतलं तर काय बिघडतं’ या चौथ्या प्रश्नाचा प्रयोग पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं करता येईल: ज्याच्या शरीरात डीएमटी बनतच नाही असा प्राणी घ्यायचा, त्याचा प्राणवायू थोडा वेळ कमी करायचा आणि त्याच्या चेतापेशी इतरांपेक्षा लवकर मरतात का ते मोजायचं. सारा २०२१ साली गेले. त्यांनी स्वतःच्या स्नायूत टोचून घेतलेल्या रेणूचं शरीरातलं काम ठरवू शकेल असा हा प्रयोग अजून व्हायचा आहे.